पस्तीस मिनिटं

मे महिना लागला की मला आमंत्रणं येतात. वर्षभर ज्यांना माझी आठवण नसते त्यांना उन्हाळी शिबिर भरवायचं असतं, आणि शिबिरात 'लेखक तुमच्या भेटीला' असा पाऊण तास रिकामा राहिलेला असतो. कुमारवयातल्या मुलांसाठी मी चार-सहा कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पाऊण तासाला तेवढं भांडवल पुरतं. परवा अंधेरीत असंच एक शिबिर होतं. समई होती, पण वातानुकूलित सभागृहात ज्योत पेटवायला मनाई, म्हणून समईत बॅटरीचे दिवे बसवले होते. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबून दीपप्रज्वलन केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दिवे आपोआप थरथरले. माझ्याआधी बोललेल्या बाईंनी सांगितलं, की पात्रं पहाटे त्यांच्या उशाशी येऊन उभी राहतात आणि 'आम्हाला जन्म दे' म्हणतात. त्यानंतर प्रश्नोत्तरं.

पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅम, तुम्ही पात्रं खऱ्या लोकांवरून घेता का? आणि समजा त्यांना कळलं तर?"

मी कल्पना आणि वास्तव यांचा गोफ वगैरे काहीतरी बोलले. मुलगी खाली बसली. आपल्या हातात काही पडलं नाही हे तिला कळलं होतं, आणि तिला ते कळलंय हे मला. बाहेर आले तर पायाखालचं डांबर मऊ झालं होतं, चप्पल उचलताना चिकटत होती. ते चिकटणं थेट चाळीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं. उत्तर मला माहीत होतं. ते एका मंचावर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं एवढंच.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो, हाऊसिंग बोर्डाच्या चार मजली इमारतीत. इमारतीमागे मोकळं मैदान, त्यापलीकडे मिठागरं. मे महिन्यात मिठाचे ढीग इतके पांढरे होत की दुपारी त्या बाजूच्या खिडकीतून बघवत नसे. आई तिथे जुनी चादर टांगायची. वाऱ्याला खारट, किंचित कुजका वास असायचा. जिभेवर तो वास आणि कैरीच्या फोडीवरचं तिखट-मीठ, दोन्ही एकदम आठवतात, आणि कुठलं मीठ कुठलं ते आता वेगळं करता येत नाही. पाणी सकाळी साडेसहा ते साडेसात यायचं, तेवढ्यात सगळं भरून ठेवायचं. हे मी ऐकीव सांगते आहे, कारण मी आठाला उठायची.

त्या वर्षी मी बारावीची परीक्षा दिली होती आणि निकाल लागेपर्यंत जगातलं सगळं दुःखी साहित्य वाचून काढायचं ठरवलं होतं. ज्या पुस्तकात शेवटी निदान एक माणूस मरत नाही ते मी हातात धरत नसे. अशा वेळी आईनं सांगितलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या परबकाकांना चांगल्या अक्षराची मुलगी हवी आहे. त्यांची कादंबरी उतरवून द्यायची. प्रेसवाल्यांना त्यांचं अक्षर लागत नाही."

परबकाका 'कु. शलाका' या नावानं लिहायचे, हा मला बसलेला पहिला धक्का. दर वर्षी मे महिन्यात कु. शलाकाची एकशे बारा पानांची कादंबरी यायची, कॉलेजातल्या पोरापोरींच्या सुट्टीतल्या प्रेमाची, आणि कॉलनीच्या वाचनालयात तिच्यासाठी नंबर लागायचे. माझ्या मनातली कु. शलाका वेणीत अबोली माळणारी, पुण्याकडची, बहुधा हृदयविकारानं आजारी अशी होती. परबकाका चोपन्न वर्षांचे होते. बनियन घालून गॅलरीत बसत, कानात मळकट कापूस, आणि आयुष्यातली तीस वर्षं एका कापडगिरणीत टाइमकीपर. संप फिसकटला, गिरणीचं दार काही उघडलं नाही, आणि दोन वर्षं घरी बसल्यावर त्यांनी हे सुरू केलं. प्रकाशकानं अट घातली, नाव मुलीचं पाहिजे. इमारतीत सगळ्यांना हे माहीत होतं. फक्त मला नव्हतं, कारण मी दुःखी साहित्य वाचत होते.

"बस गो चेडवा," काका म्हणाले. "अक्षर बघू तुझा."

मी माझ्या वहीतला एक उतारा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "ह्या काय लिवलंस? मरतत कित्याक सगळे?"

"ते शोकात्म आहे," मी म्हटलं.

"बरा. अक्षर चांगला आसा."

मग त्यांनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. तीत गिरणीची कोरी हजेरी-कार्डं होती, शेकड्यांनी. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांना कुणी परत मागितली नव्हती. डावीकडे जाण्याची वेळ, उजवीकडे येण्याची. प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर नाव असायला हवं तिथे दुसरंच काही: 'हिरवी पर्स'. 'जिन्यात गातो'. 'स्कूटर, एक आरसा फुटलेला'. गॅलरीत बसून काका सकाळ-संध्याकाळ येणाजाणाऱ्यांच्या वेळा मांडत. त्यातून त्यांची पात्रं व्हायची.

मला वाटलं होतं लेखक माणसाच्या अंतरंगात शिरतो. काकांचं म्हणणं, अंतरंगाचं सोड, तो जेवायला कधी येतो ते सांग. "तीस वर्सां माझ्या खिडकीर माणूस येऊन सांगायचा, बायको आजारी, म्हातारी पडली, रस्त्यात मोर्चा. मी तोंड बघायचो नाही, कार्ड बघायचो. तोंड काय पण सांगता. रोज आठला येणारा सोमवारी आठ वीसला आला, गोष्ट तिथे सुरू. जो रोज वेळेवर येता, त्याची कादंबरी होत नाय."

चेहरे ते बिनदिक्कत बदलत. एकाचे डोळे, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याची नोकरी. काळीला गोरी करायचे, क्लार्कचा डॉक्टर, मुलुंडचं दादर. वेळ मात्र बदलायची नाही. वेळ ठिगळासारखी जोडता येत नाही, जोडली की लगेच दिसते, हा त्यांचा एकच सिद्धांत. प्रेमाचाही त्यातूनच हिशेब लागायचा: दोन कार्डं शेजारी ठेवायची. आधी हा पाच मिनिटं उशिरा निघायला लागतो, मग ती दहा मिनिटं लवकर. एके दिवशी दोघांची वेळ एक होते. त्या दिवसाचं प्रकरण पान साठच्या आसपास यायला हवं, कारण साठच्या आधी हाताला हात लागलेला प्रकाशकाला चालत नसे.

"आणि उन्हाळाच का?" मी विचारलं.

"सुट्टीत सगळ्यांची कार्डां बिघडतत. कोणाक खय जावचा नसता, तरी सगळे बाहेर." मग जरा थांबून, "जून उजाडलो की कॉलेजा सुरू. प्रेम संपवूचा. एकशे बारा पानां होतत."

परबकाकी आतून बोलल्या, "ह्यांका सगळ्या जगाच्या प्रेमाचो टायम ठावक. आपणाक जेवक कधी बसूचा ता ठावक नाय."

मी ही सगळी पद्धत मनातल्या मनात हसण्यावारी नेली. सतरा वर्षांच्या माणसाला हसण्यावारी न्यायला फार काही लागत नाही. रोज दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून मी उतरवायची. पंख्याचा वारा कागद उडवायचा, म्हणून प्रत्येक पानावर एकेक कच्चा आंबा ठेवलेला असायचा. अक्षरांना देठाचा चीक लागायचा. कादंबरीचं नाव होतं 'पस्तीस मिनिटं'. नायिका मीनल. गोरी, दोन शेपटे, डॉक्टरची मुलगी, दादरला राहणारी. तिसऱ्या प्रकरणात ही ओळ आली:

'मीनलचा टायपिंगचा क्लास साडेपाचला सुटे. क्लासपासून घर पंधरा मिनिटं. मीनल सहा वीसला जिना चढे. मधली पस्तीस मिनिटं कुठे जातात हे घरात कुणी विचारलं नव्हतं. घरात घड्याळ नव्हतं असं नाही. विश्वास होता.'

मी हात थांबवला. चाल, रंग, बाप, गाव, सगळं परकं होतं. पण साडेपाचला सुटणारा टायपिंगचा क्लास आणि सहा वीसला जिन्यात वाजणाऱ्या चपला मला पाठ होत्या. त्या माझ्या ताईच्या होत्या.

आजही मला आश्चर्य वाटतं ते याचं, की मला धक्का बसला तो ताई कुणाला तरी भेटते याचा नव्हता. ती एकवीस वर्षांची होती, दिसायला बरी होती, आणि मी एवढं साहित्य वाचलं होतं. धक्का याचा, की मी त्याच घरात, तिच्याच शेजारच्या गादीवर झोपत होते, आणि कानात कापूस घातलेल्या एका माणसाला ते आधी दिसलं होतं. त्या संध्याकाळी मी दारातच उभी राहिले. सहा वीस. ताई आली. चपलांना पांढरी धूळ, मिठागराच्या वाटेवरची.

"उशीर झाला?" मी विचारलं.

"अगं, मशिनची रिबन तुटली. बाईंनी बसवून घेतलं." इतकं सहज, केसातली पिन काढता काढता. माझ्या दुःखी पुस्तकांत खोटं बोलताना लोक थरथरायचे, खिडकीबाहेर बघायचे. ताईनं पिन दातात धरली आणि विचारलं, "कैरी उरलीय का गं?"

आमच्या घरी ही गोष्ट कळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. वडील आवाज चढवत नसत; ते फक्त क्लास बंद करत, मग बाहेर जाणं बंद, मग महिन्याभरात कुठल्यातरी रविवारी पाहुणे. माझ्या आतेबहिणीचं असंच झालं होतं. आणि आई कु. शलाकाची एकही कादंबरी सोडत नव्हती. पुस्तक यायला तीन आठवडे होते. वेळा मात्र माझ्या हातात होत्या.

मी बदलल्या. स्वच्छ, वळणदार अक्षरात. 'पस्तीस' हा आकडा हलवता येत नव्हता, मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव छापून झालं होतं. म्हणून मी संध्याकाळच काढून टाकली आणि मीनलला सकाळी दूध आणायला पाठवलं. सकाळी सगळे पाणी भरतात, तेव्हा कुणाचं प्रेम कुणाला दिसतं! 'दुधाचं केंद्र सव्वासहाला बंद होई. केंद्रापासून घर पाच मिनिटं. मीनल सातला पाच कमी असताना जिना चढे.' हिशेब जुळला. मला वाटलं, वाक्य मूळपेक्षा जास्त चांगलं झालंय. सकाळचं कोवळं ऊन, हातात गार बाटल्या. मी ताईला वाचवत होते आणि साहित्यही सुधारत होते. इतकं थोर मला नंतर कधी वाटलं नाही.

पुस्तक मेच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. तेव्हा आमच्या गच्चीवर पापड चालू होते. इमारतीची रीत अशी, की उडदाचे पापड सगळ्यांनी मिळून लाटायचे, रोज एका घरचे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंज्या पडायच्या, दहा-बारा पोळपाट, तेलाचा आणि हिंगाचा वास. आणि जिचे पापड जाड होतात तिनं लाटायचं नाही, वाचून दाखवायचं. माझे पापड जाड व्हायचे. मी उडदाच्या पिठाची पिशवी टेकायला घेऊन बसले आणि 'पस्तीस मिनिटं' वाचायला लागले.

दोन प्रकरणं हसण्यात गेली. मीनल कोण, नायक कोण, यावर पैजा लागल्या, कु. शलाकाच्या पुस्तकात इमारत शोधणं हा आमच्याकडचा खेळच होता. परबकाकी लाटत होत्या आणि कुणी काही विचारलं तर "माका काय विचारतंस, मी काय वाचलंय?" म्हणत होत्या. मग तिसरं प्रकरण. दुधाचं केंद्र सव्वासहाला बंद झालं.

"आपलंही सव्वासहालाच होतं की गं," तळमजल्यावरच्या साठेबाई म्हणाल्या.

मी वाचत राहिले. सातला पाच कमी. जिना.

"सातला पाच कमी..." साठेबाई लाटी हातात धरून म्हणाल्या. "मी पाणी भरत असते तेव्हा. कोण गं रोज वर जातं त्या वेळी?"

परबकाकी फटकन म्हणाल्या, "तुका पाणी भरूचा असता की जिनो मोजूचो असता?"

कुणी हसलं नाही. एकेक लाटणं थांबत गेलं. शेवटी सतरंजीच्या कडेला बसलेल्या गायकवाडकाकूंचं थांबलं. आणि ज्या क्षणी ते थांबलं त्या क्षणी मला कळलं.

काकूंची सुमती माझ्याहून वर्षानं मोठी. कॉलेजात होती, आणि फी भरायला पहाटे पाचपासून दूध केंद्रावर उभी राहायची. त्या कामावरच तिचं कॉलेज चालू होतं. हे मला माहीत होतं. पण मीनलला दुधाला पाठवताना मी रांगेतली मुलगी बघत होते, हातात बाटल्या, अंगावर कोवळं ऊन. खिडकीच्या आत उभी राहून त्या बाटल्या देणारी मुलगी नायिका असू शकते, हे मला सुचलंच नव्हतं. आणि सकाळचे सहा पंचावन्न ही वेळ माझ्या आयुष्यात अस्तित्वातच नव्हती. इमारतीत त्या वेळी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या दहा बायकांच्या आयुष्यात ती रोज यायची, आणि रोज त्यांच्यासमोरून सुमती जिना चढायची. तिला सात का वाजतात याचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. तो त्यांना मी करून दिला, छापील.

"त्या परबला दिसतं हं सगळं वरून," कुणीतरी हळूच म्हणालं. मग साठेबाई, एकदम समजूतदार आवाजात, "जाऊ द्या, वय असतं. त्यांच्याकडे एवढं काही मनावर घेत नाहीत म्हणे."

'त्यांच्याकडे' हा शब्द गच्चीवर पडला तसा काकू उठल्या. हाताचं पीठ पदराला न पुसता जिन्याकडे गेल्या. पोळपाट तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी वडील दूध घेऊन आले आणि म्हणाले, "केंद्रावर आज वेगळीच मुलगी होती. सुट्टे पैसे देता येत नव्हते तिला." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आईनं कुठूनतरी ऐकून आणलं, की गायकवाडकाका रेल्वेत लाइनवर आहेत ते शनिवारी घरी येतील, आणि सुमतीला कराडला मावशीकडे ठेवून येतील. कॉलेजचं काय, कुणी विचारलं नाही. मावशीच्या दिरानं एक स्थळ आधीच सुचवलं होतं.

मी परबकाकांकडे गेले. ते गॅलरीत नव्हते. पलंगावर बसले होते, समोर छापील पुस्तक, तिसऱ्या प्रकरणावर उघडं.

"कार्ड तुझ्या बहिणीचा होता," ते म्हणाले. "ओळखलंस तू. बरोबर ना?"

मी मान हलवली.

"माका सांगलं असतंस तर मी आख्खो क्लास गाळलो असतो. शिवणाचो केलो असतो, पोहण्याचो केलो असतो. नाव मी बदलतंय. तू वेळ बदललंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. टाइमकीपरचा आवाज असावा तो, खिडकीतून बोलायचा. "वेळ कधी रिकामी नसता गो. खयचीय वेळ लिव, थय कोण तरी उभा असता."

"तुम्ही सांगा ना काकूंना. तुम्ही सांगितलंत तर..."

"माका कोण मानताला? मी वरसून बघणारो माणूस." ते खरंच होतं. त्या दोन दिवसांत कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं, साठेबाईंनी तर गॅलरीखालून जाताना डोक्यावर पदर घेतला होता. "पान तुझा आसा. तूच जा."

लेखकाची जबाबदारी या विषयावर मी नंतर बरीच भाषणं ऐकली. शाल-श्रीफळ घेतलेले लोक ती करतात. त्यातलं एकही 'पान तुझा आसा' इतकं लहान नव्हतं, आणि एकाही भाषणानंतर मला जिना चढून कुणाच्या दारात जावं लागलं नाही. तेव्हा जावं लागलं, तेही एकटीला नाही. शुक्रवारी आईनंच काकूंचा पोळपाट धुऊन घेतला, त्यांच्या वाट्याचे पापड डब्यात भरले आणि म्हणाली, "चला दोघी. एवढी वर्षं शेजार आहे, असं तोंड फिरवून चालत नाही." डबा ताईच्या हातात दिला. म्हणजे मी जे कबूल करणार ते आई आणि ताईसमोर.

दार सुमतीनं उघडलं. तीन दिवसांत तिचा चेहरा लहान झाल्यासारखा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती, खाली सुमतीची कॉलेजची पुस्तकं एकावर एक सुतळीनं बांधलेली. आई आणि ताई काकूंसमोर बसल्या. मला सुमतीनं पाणी द्यायला म्हणून आत बोलावलं, आणि माठाशी वाकून, ओठ न हलवता विचारलं,

"तुला कसं कळलं गं?"

"काय?"

"नाटक नको करू यार. परबकाका वरून बघतात ते गेटपर्यंतच. पस्तीस मिनिटं केंद्रामागे... ते त्यांना दिसूच शकत नाही. अक्षर तुझं होतं, प्रेसला तू उतरवून दिलंस. कोणी सांगितलं तुला?"

मी आयुष्यात पहिल्यांदा काही रचलं होतं, संपूर्ण खोटं, बसल्या जागी, कुणालाही न बघता, आणि ते खरं निघालं होतं. मिनिटासकट. मी आले होते ती शपथेवर सांगायला, की सुमतीनं काही केलेलं नाही. आता मला एवढंच खरं सांगता येत होतं, की मी काही बघितलेलं नाही. तो कोण, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी बाहेर आले आणि उभ्याउभ्याच बोलले. "काकू, पुस्तकातलं ते दुधाच्या केंद्राचं परबकाकांनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. उतरवताना बदललं. मनानं. सकाळचं जास्त छान वाटेल म्हणून. केंद्राचा टाइम मला बाबांकडून माहीत होता. सुमती तेव्हा घरी येते हे मला माहीतच नव्हतं. मी आठाला उठते."

"साडेआठला," आई म्हणाली. आणि मग तिला मी काय बोलले ते कळलं. "तू काय केलंस? छापायच्या पुस्तकात?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. फसवणूक शोधणारी नजर, आणि ती शोधायचा त्यांना पुरता हक्क होता. "खरं सांगतीस? का हिला वाचवायला आलीस?"

"खरं. आईशप्पथ." आणि ते खरं होतं.

"मग आधी काय होतं तिथं?" काकू म्हणाल्या. "त्या परबानं मुळात काय टाइम लिवला होता?"

आईनंही मान वळवली. "हो, काय होतं?"

ताईच्या मांडीवर पापडाचा डबा होता. तिची बोटं झाकणावर थांबली. तिनं वर बघितलं नाही, पण तिचा सगळा कान माझ्याकडे होता, आणि मला कळलं की तिला कळलं आहे. बहुधा गच्चीवरच कळलं असावं. पस्तीस हा आकडा तिच्या ओळखीचा होता.

संध्याकाळ सांगितली तर ताई. सकाळ सांगितली तर सुमती. मी मनात सगळी इमारत चढले आणि उतरले. पाचला दूध, साडेसहाला पाणी, आठला ऑफिसं, अकराला पापड, चारला क्लास, सहाला भाजी, सातला शाखा, आठला बातम्या. प्रत्येक वेळेला कुणी ना कुणी जिन्यात होतं. परबकाका बरोबर होते, रिकामी वेळ नव्हतीच. मी असं मिनिट शोधत होते की ज्यात कॉलनीतलं कुत्रंसुद्धा उभं नसेल.

"दुपारी एक चाळीस," मी म्हटलं.

काकू बघत राहिल्या. "मे महिन्यात?"

"हो. एक चाळीसला ती मैदानातून जाते, मिठागराकडे. तो तिथे उभा असतो."

"उन्हात? सव्वा दोनपर्यंत?" काकूंच्या ओठाचा कोपरा हलला. "अगं, चक्कर येऊन पडतील की दोघंबी!" आणि त्या हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून, तीन दिवसांचं साठलेलं. "डोकंबिकं फिरलंय का त्या परबाचं? एक चाळीसला कोण पोरगी बाहेर पडंल? बरं केलंस बाई बदललंस."

आईही हसली. "कांदा ठेवायला हवा दोघांच्या खिशात," ती म्हणाली. दोघी डोळे पुसत होत्या. काकूंनी आत बघून हाक मारली, "सुमे, च्या ठेव. आणि ती पुस्तकं सोड, धूळ बसंल." शनिवारी गायकवाडकाका आले तेव्हा ही गोष्ट त्यांना हसण्यासकट सांगितली गेली. रविवारपर्यंत ती सगळ्या इमारतीला माहीत होती, साठेबाईंनीच फिरवली. माझं हसं झालं ते निकाल लागेपर्यंत पुरलं. सोमवारी वडील दूध घेऊन आले ते म्हणाले, "आज सुट्टे बरोबर मिळाले."

आईनं मला पुन्हा कुणाचं काही उतरवून देऊ दिलं नाही. परबकाकांनी पुढच्या वर्षी कोकणातली कादंबरी लिहिली, तीत माणसं कमी आणि माड जास्त होते. ती चालली नाही.

पण त्या सोमवारची दुपार राहिली. जेवणं झाली होती. आई चटईवर हात डोळ्यांवर घेऊन पडली होती, पंखा गरम वारा ढवळत होता, खिडकीवरची चादर उन्हानं पिवळी झाली होती. मी आमच्या पुढल्या खोलीत मृत्यूवरचं एक पुस्तक वाचत होते आणि ते काही जमत नव्हतं. ताई दाराशी वाकून चप्पल घालत होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दीड वाजून गेला होता.

"कुठे?" मी आवाज न करता विचारलं.

ताईनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओढणी डोक्यावर घेतली.

"तूच सांगितलीस ना ही वेळ," ती कुजबुजली, "कुणाचा विश्वास बसत नाही म्हणून."